एका छत्रीवर दोन टीव्ही: बाजारात जाण्याआधी

दुसऱ्या खोलीत टीव्ही आला की दुकानातून पन्नास-शंभराचा स्प्लिटर (एका केबलच्या दोन वाटा करणारा जोड) आणायची घाई होते. त्याआधी घरात एक गोष्ट ठरवून टाका: दोन्ही टीव्हींवर एकाच वेळी वेगवेगळे चॅनेल हवेत का? एकच चॅनेल दोन्हीकडे चालणार असेल तर छत्रीला हात लावू नका. सेट-टॉप बॉक्सच्या पुढे एचडीएमआय स्प्लिटर जोडला की झालं. पण इकडे मालिका आणि तिकडे सामना असा मामला असेल, तर दुसरा बॉक्स लागणारच. फ्री डिशचा असेल तर तो एकदाच विकत घ्यायचा. पैसे भरायच्या डीटीएचवर मात्र दुसऱ्या बॉक्सचं कनेक्शन कंपनीकडूनच सुरू करून घ्यावं लागतं.

बॉक्स दोन झाले की एलएनबी (छत्रीसमोर दांड्यावर बसवलेला, सिग्नल पकडणारा भाग) बदला, असं माझं स्पष्ट मत. कारण बॉक्स नुसता सिग्नल घेत नाही, त्याच केबलमधून तो वर वीजही पाठवतो: १३ व्होल्ट म्हणजे उभं ध्रुवीकरण (सिग्नलच्या लहरींची दिशा), १८ म्हणजे आडवं. स्प्लिटर लावला आणि एकाने १३, दुसऱ्याने १८ मागितले, की १८वाला जिंकतो आणि दुसऱ्या टीव्हीवर ‘नो सिग्नल’. दोन आउटपुटच्या एलएनबीत प्रत्येक बॉक्सला आपापली वाट मिळते, ही भानगडच उरत नाही. पुढेमागे तिसरा टीव्ही येणार असेल तर चार आउटपुटचा घ्या, म्हणजे पुन्हा गच्चीवर चढणं नको. सध्याचा एलएनबी कोणत्या प्रकारचा आहे ते आधी वाचून घ्या. त्याचा फोटो काढून दुकानात दाखवलेला बरा.

तरीही स्प्लिटरच घ्यायचा असेल तर त्यावरचे आकडे वाचा. केबल टीव्हीचा ५ ते १००० मेगाहर्ट्झचा चालत नाही. छत्रीचा सिग्नल ९५० ते २१५० मध्ये येतो, म्हणून २४०० पर्यंतचा हवा, आणि वीज पुढे जाऊ देणारा. सिग्नल दोन वाटांना गेला की निम्म्याहून कमी उरतो. कोकणातल्या पावसात ती कसर लगेच कळते.

केबल आरजी-६, ७५ ओहमची. मधली तार चुंबकाला चिकटली तर आत पोलाद आहे. लांब अंतराला शुद्ध तांब्याची घ्या. अंतर मोजताना भिंतीच्या वळणांचे दोन मीटर जास्त धरा. सोबत केबलच्या टोकांना लावायचे एफ-कनेक्टर (दोन जास्तीचे, एखादा बिघडतोच), ११ नंबरचा पाना, धारदार कटर, पाणी अडवणारी टेप.

काम सुरू करण्याआधी बॉक्सच्या मेनूतली सिग्नल क्वालिटी लिहून ठेवा आणि बॉक्सचा प्लग काढा. केबल सोलताना बाहेरच्या तारांच्या जाळीचा एक केससुद्धा मधल्या तारेला लागू देऊ नका. फ्री डिशची छत्री आपल्याकडून आग्नेयेला, ९३.५ अंश पूर्वेच्या जीसॅट-१५ उपग्रहाकडे बघते; एलएनबी बदलताना ती हलली तर आधीचा आकडा मिळेपर्यंत केसाकेसाने सरकवायची. एकाने गच्चीवर, दुसऱ्याने टीव्हीसमोर, आणि दोघांच्या हातात फोन.