प्राचार्यांनी विश्वास कमवायचा तर सुरुवात भांडारातून

आयटीआयमध्ये नवे प्राचार्य रुजू झाले की बैठक होते, 'माझं दार सगळ्यांना उघडं' हे वाक्य होतं. निदेशक, म्हणजे शिकवणारे, मान डोलावतात आणि शॉपमध्ये, म्हणजे कार्यशाळेत, परततात. तिथे वेल्डिंगचे रॉड संपलेले असतात. सेवक-नेतृत्वाची, म्हणजे प्रमुखाने आधी हाताखालच्यांची गरज भागवावी ही कल्पना अमेरिकी लेखक रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी १९७० मध्ये मांडली. आपल्याकडे ती रॉडपासूनच सुरू करावी.

पहिले दोन आठवडे रोज एका शॉपमध्ये तासभर थांबा, तेही प्रात्यक्षिक चालू असताना. 'काही अडचण?' असं विचारू नका. 'काही नाही सर, चालू आहे सगळं' एवढंच उत्तर मिळेल. 'काल कोणतं काम अडलं, कशामुळे?' असं विचारा आणि वहीत लिहा: मागणी, तारीख, कुठे अडकली.

मग तीन गट पाडा. तुमच्या सहीसाठी थांबलेलं त्याच दिवशी सोडवा. भांडारात अडकलेल्यासाठी आठवड्यातला एक वार ठरवून टाका. सहसंचालक कार्यालयाकडे गेलेल्याबद्दल शब्द देऊ नका. पत्राचा जावक क्रमांक दाखवा. हिंगोली किंवा धाराशिवहून संभाजीनगरला पत्र गेलं की पुढचं तुमच्या हातात नसतं, हे निदेशकांनाही ठाऊक असतं. त्यांना राग त्याचा येत नाही, 'बघतो' या शब्दाचा येतो.

मागणी अंदाजाने नको. २० मुलं, रोज प्रत्येकी ६ रॉड, महिन्याचे २२ दिवस, म्हणजे २,६४० रॉड. ते कोरड्या जागी ठेवा. पावसाळ्यात ओल धरलेल्या रॉडने जोडात छिद्रं पडतात आणि ठपका येतो निदेशकाच्या शिकवण्यावर. कामगिरीचा शेरा लिहिण्याआधी माल तपासा.

तासिका तत्त्वावरच्या निदेशकांचा हिशेब महिना संपल्यावर तीन दिवसांत सही करून पुढे पाठवा. त्यांचं घर त्या तासांवर चालतं.

आता अवघड भाग. सेवा म्हणजे मऊपणा नव्हे. कामचुकाराचे तास प्रामाणिक माणसावर टाकून भांडण टाळलं, की प्रामाणिक माणूसही हळूहळू हात आखडतो. सगळ्यात जास्त विश्वास इथेच तुटतो. (चहा पाजून तो सांधत नाही.) अडथळा दूर केल्यावर अपेक्षा स्पष्ट सांगा: जॉबचं (मुलांनी प्रात्यक्षिकात बनवलेल्या वस्तूचं) मूल्यमापन त्याच दिवशी, नोंद निदेशकाच्या स्वतःच्या हाताची. आधी कळवून अर्धा तास वर्गात बसा. त्याच संध्याकाळी, एकट्यात, दोनच मुद्दे बोला. मुलांसमोर एकही नाही.

महिन्याच्या शेवटी ती वही सगळ्यांपुढे उघडा, न झालेल्या कामांसकट. सुरुवातीला कोणी बोलणार नाही. एखादा निदेशक स्वतःहून येऊन 'सर, लेथचा चक माझ्याकडून बिघडला' असं सांगेल, तेव्हा बदल सुरू झाला असं धरा. त्या दिवशी आधी चकची दुरुस्ती लावा, खुलासा नंतर मागा.