लिनक्स कर्नेलमधलं कोणतं फंक्शन मॉड्यूलसाठी एक्स्पोर्ट करायचं?

ड्रायव्हर कॉन्फिगमध्ये 'वाय' म्हणून कर्नेलमध्येच बांधला की सगळं बिनबोभाट लिंक होतं. तोच 'एम' केला, म्हणजे नंतर जोडता-काढता येणारं वेगळं मॉड्यूल केलं, की बिल्डमध्ये मॉड्यूलची सिम्बॉल (फंक्शन-व्हेरिएबलची नावं) तपासणारं मॉडपोस्ट 'अनडिफाइन्ड' म्हणत थांबतं. फंक्शन स्टॅटिक नसलं तरी एक्स्पोर्ट केल्याशिवाय ते मॉड्यूलला दिसत नाही. अशा वेळी एक्स्पोर्ट_सिम्बॉल या मॅक्रोची एक ओळ टाकून मोकळं व्हावंसं वाटतं. थोडं थांबा.

आधी बिल्डनंतर तयार होणारी मॉड्यूल.सिमव्हर्स ही फाइल ग्रेपने शोधून पाहा. तिच्यात प्रत्येक ओळीवर सीआरसी (पडताळणीचा आकडा), सिम्बॉलचं नाव, ते व्हीएमलिनक्समध्ये, म्हणजे मुख्य कर्नेलमध्ये आहे की एखाद्या मॉड्यूलमध्ये, एक्स्पोर्टचा प्रकार आणि असल्यास नेमस्पेस (सिम्बॉलच्या गटाचं नाव) एवढं असतं. तुम्हाला हवं ते काम करणारं फंक्शन बऱ्याचदा वेगळ्या नावाने तिथे आधीच असतं. नसेल, तर ते वापरणारं मॉड्यूल मुख्य कर्नेलच्या सोर्समध्येच आहे का ते बघा. फक्त बाहेरच्या मॉड्यूलसाठी मागितलेला एक्स्पोर्ट सहसा परत पाठवला जातो. कारण सरळ आहे: वापरणारा समोर नसेल तर फंक्शन बदलताना काय मोडलं ते कळणार कसं?

आता मुख्य मुद्दा. एक्स्पोर्ट करायचं ते काम; आतली यादी आणि तिचं लॉक नव्हे. समजा, एका बसवरची सगळी डिव्हाइसं फिरून पाहायची आहेत. यादी आणि लॉक दोन्ही उघडे केले, तर प्रत्येक मॉड्यूल आपापल्या समजुतीने लॉक घेणार, आणि उद्या ती यादी बदलायची म्हटलं तर सगळीकडे हात घालावा लागणार. ड्रायव्हर कोअर त्याऐवजी बस_फॉर_ईच_डेव्ह देतं. तुम्ही कॉलबॅक, म्हणजे प्रत्येक डिव्हाइससाठी बोलावलं जाणारं आपलं फंक्शन, द्यायचा. तो शून्याशिवाय काही परत करेपर्यंत फेरी चालू राहते. यादी कशी सांभाळली आहे याचा मॉड्यूलला पत्ताही लागत नाही. व्हेरिएबल एक्स्पोर्ट करण्याआधीही हाच विचार करा: नुसतं वाचायचं असेल तर किंमत परत करणारं छोटं फंक्शन पुरतं.

फंक्शन जोडीने द्या. बस_फाइंड_डिव्हाइस रेफरन्स (वापरणाऱ्यांची मोजणी) वाढवून डिव्हाइस हातात देतं, म्हणून ती कमी करणारं पुट_डिव्हाइसही एक्स्पोर्ट केलेलं आहे. रजिस्टर दिलं आणि अनरजिस्टर विसरलात, तर मॉड्यूल काढल्यावर कर्नेलकडे मोकळ्या झालेल्या मेमरीतला फंक्शन पॉइंटर उरतो आणि पुढच्या कॉलला ऊप्स, म्हणजे कर्नेलमधली गंभीर चूक. पीसीआयची तऱ्हा इथे बघण्यासारखी आहे. पीसीआय_रजिस्टर_ड्रायव्हर हा खरं तर मॅक्रो आहे. तो धिस_मॉड्यूल (बोलावणाऱ्या मॉड्यूलची ओळख) जोडून आतल्या, दोन अंडरस्कोरवाल्या फंक्शनला बोलावतो, आणि एक्स्पोर्ट होतं ते हे आतलं फंक्शन. मालक कोण हे लिहायचं ड्रायव्हरवाल्याला लक्षात ठेवावं लागत नाही.

यावरूनच नेहमी चकवणारी एक गोष्ट: हेडरमधलं स्टॅटिक इनलाइन फंक्शन आत ज्याला बोलावतं, त्याला एक्स्पोर्ट लागतो, कारण इनलाइनचा मजकूर थेट मॉड्यूलमध्ये उतरतो. उलट बाजूला, दोन अंडरस्कोर आणि इनिट अशी खूण असलेलं फंक्शन कधीही एक्स्पोर्ट करू नका. बूट झाल्यावर ती मेमरी सोडून दिली जाते. मॉडपोस्ट त्याबद्दल इशारा देतं, तो दाबू नका.

मॅक्रो निवडताना नव्या आतल्या फंक्शनला जीपीएलवाला, म्हणजे जीपीएलशी जुळणाऱ्या परवान्याच्या मॉड्यूललाच वापरता येणारा प्रकार लावा. साध्याकडून जीपीएलकडे नंतर जायचं म्हटलं की वाद ठरलेला. फंक्शन एकाच सबसिस्टमच्या तुकड्यांपुरतं असेल तर नेमस्पेस वापरा. ही सोय ५.४ पासून, म्हणजे २०१९ पासून आहे. यूएसबी स्टोरेजचे उप-ड्रायव्हर मूळ ड्रायव्हरची फंक्शन अशीच वापरतात. वापरणाऱ्याने मॉड्यूल_इम्पोर्ट_एनएस लिहायचं. राहिलं असेल तर 'मेक एनएसडेप्स' ते भरून देतं. ६.१३ पासून नेमस्पेसचं नाव अवतरणचिन्हांत लागतं, त्यामुळे जुने पॅच जसेच्या तसे चिकटवू नका.

कॅलसिम्स_लुकअप_नेमने नावावरून एक्स्पोर्ट न केलेल्या फंक्शनचा पत्ता शोधून पळवाट काढायचा उद्योगही आता चालत नाही. २०२० मध्ये ५.७ ला त्याचाच एक्स्पोर्ट काढला गेला.

मॅक्रोची ओळ फंक्शनच्या शेवटच्या महिरपी कंसाला लागूनच, मध्ये रिकामी ओळ न सोडता लिहा. मग शक्य ते सगळं 'एम' करणारं 'मेक ऑलमॉडकॉन्फिग' चालवून बिल्ड करा. 'वाय'मध्ये लपलेल्या चुका इथे बाहेर पडतात. देणारा 'एम' आणि घेणारा 'वाय' अशी उलटी जोडीही एकदा करून बघा. तिथे एक्स्पोर्ट असूनही लिंक होत नाही, आणि उपाय केकॉन्फिगमधल्या (बिल्डचे पर्याय लिहिलेल्या फाइलमधल्या) डिपेंड्स ऑनमध्ये असतो. पुढे कधी शेवटचं वापरणारं मॉड्यूल काढलं, तर एक्स्पोर्टची ओळही त्याच पॅच मालिकेत काढून टाका.