आक्रमक प्रजाती ओळखणारे मॉडेल: या चुका टाळा

आक्रमक प्रजाती, म्हणजे बाहेरून येऊन स्थानिक जीवांना मागे सारणाऱ्या प्रजाती, छायाचित्रांवरून ओळखायला शिकवलेले आणि चाचणीत उत्तम गुण मिळवणारे संगणकीय मॉडेल प्रत्यक्ष पाहणीत चुकू लागले की बहुतेक जण आधी अधिक मोठे मॉडेल शोधतात. दोष मात्र बऱ्याचदा प्रशिक्षण आणि चाचणी यांसाठी केलेल्या छायाचित्रांच्या विभागणीतच शिरलेला असतो. एकाच कॅमेरा ट्रॅपने (हालचाल होताच आपोआप छायाचित्र टिपणाऱ्या कॅमेऱ्याने) काही सेकंदांच्या अंतराने टिपलेली किंवा ड्रोनच्या एकाच उड्डाणात घेतलेली छायाचित्रे सरमिसळ करून वाटली, तर जवळजवळ तेच दृश्य प्रशिक्षणात आणि चाचणीतही येते, आणि मॉडेल प्रजातीऐवजी तिथली माती, पाणी व उजेड पाठ करते. संशोधक सारा बीरी, ग्रँट व्हॅन हॉर्न आणि पिएत्रो पेरोना यांनी 2018 मध्ये कॅमेरा ट्रॅपच्या छायाचित्रांवर हेच दाखवून दिले: ओळखीच्या ठिकाणी चांगले चालणारे मॉडेल नव्या ठिकाणी कितीतरी अधिक चुका करते. म्हणून विभागणी ठिकाणानुसार करावी. गुण घसरतील, पण विश्वास ठेवण्याजोगे गुण तेच.

दुसरी चूक मूळ छायाचित्र आंधळेपणाने लहान करण्याची. फ्रान्समध्ये 2004 साली प्रथम आढळलेली आणि पुढे युरोपात पसरलेली आशियाई गांधीलमाशी व्हेस्पा व्हेल्युटिना तिच्या काळपट छातीवरून आणि पिवळ्या पायांवरून स्थानिक युरोपीय गांधीलमाशी व्हेस्पा क्रॅब्रोपासून वेगळी ओळखता येते. परंतु 4000 पिक्सेल रुंदीचे छायाचित्र 224 पिक्सेलवर आणले, तर त्यातील 80 पिक्सेल रुंदीची माशी जेमतेम 4 ते 5 पिक्सेलची उरते. मग पाय कुठले आणि रंग कुठला! आधी कीटक शोधून तेवढाच भाग मूळ छायाचित्रातून कापून घ्यावा. निरुपद्रवी स्थानिक प्रजातीचीही भरपूर छायाचित्रे प्रशिक्षणात असावीत, अन्यथा प्रत्येक गांधीलमाशी परकीय ठरेल आणि स्थानिक माश्यांची पोळी विनाकारण नष्ट होतील.

वनस्पतींच्या बाबतीत हौशी निरीक्षक फुलोऱ्यातलीच छायाचित्रे अधिक काढतात. त्यामुळे घाणेरी फुलली की मॉडेलला दिसते, नुसत्या पानांवर असताना दिसत नाही, आणि निर्मूलनाला सोयीची असते ती नेमकी कोवळी रोपे.

अचूकतेच्या एका आकड्यावर भिस्त ठेवणे तर सर्वांत फसवे. दहा हजार छायाचित्रांपैकी केवळ 10 मध्ये आक्रमक प्रजाती असेल, तर सगळीकडे ‘नाही’ म्हणणारे मॉडेलही 99.9 टक्के अचूक ठरते. उलट, त्या 10 पैकी 9 पकडणारे आणि उरलेल्यांत फक्त 1 टक्का खोटे इशारे देणारे मॉडेल सुमारे 109 इशारे देईल, ज्यांतले 100 खोटे असतील. शोधमोहिमेच्या आरंभी एकही नमुना निसटणे महाग पडते, तेव्हा हे खोटे इशारे पत्करून तज्ज्ञांकडून तपासून घेणे रास्त. मात्र इशारा येताच आपोआप फवारणी होणार असेल, तर त्याच मॉडेलचा उंबरठा, म्हणजे इशारा देण्यासाठी लागणारी किमान खात्री, बराच वर न्यावा लागतो.