संपर्कस्थळे आणि ऑटोफॅजी : या विषयात नव्याने पीएचडी सुरू करणाऱ्यांसाठी

ऑटोफॅजीवर, म्हणजे पेशी स्वतःचेच घटक वेढून पचवते त्या प्रक्रियेवर, काम करायला येणाऱ्या विद्यार्थ्याला योशिनोरी ओसुमी यांचे यीस्टवरील संशोधन आणि त्यांचे 2016 चे नोबेल ठाऊक असते, त्यामुळे मी थेट पेशीअंगकांच्या संपर्कस्थळांकडे, म्हणजे दोन अंगके एकमेकांना खेटून असतात त्या जागांकडे, वळते. ईआर (एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम, पेशीतील पटलांचे जाळे) आणि मायटोकॉन्ड्रिया (पेशीला ऊर्जा पुरवणारी अंगके) यांची पटले जिथे साधारण 10 ते 30 नॅनोमीटरवर येतात, तिथेच उपासमार झालेल्या सस्तन पेशींत ऑटोफॅगोसोम (पचवायचे घटक वेढणारी पिशवी) तयार होतो, असे योशिमोरी यांच्या गटाने 2013 मध्ये जपानमधून मांडले. पुढे 2017 मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील गटाला मात्र असे आढळले की, व्हीएपीबी आणि पीटीपीआयपी51 ही ईआर व मायटोकॉन्ड्रियाला जखडणारी प्रथिने कमी केली की ऑटोफॅजी वाढते. दोन निष्कर्ष परस्परविरोधी वाटले तरी घाबरू नका. दुसऱ्या अभ्यासातील परिणाम रॅपामायसिन व टोरिन या औषधांनी सुरू केलेल्या ऑटोफॅजीवर दिसला, उपासमारीने सुरू झालेल्या ऑटोफॅजीवर दिसला नाही. म्हणून शोधनिबंध वाचताना ऑटोफॅजी कशाने सुरू केली, हे आधी पाहावे.

आता ज्या सापळ्यात माझा फार मोठा काळ गेला, त्याविषयी. जोडणारे प्रथिन कमी केले आणि वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनाचे प्रमाण पट्ट्याच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीत) एलसी3-टू या ऑटोफॅगोसोमच्या पटलावरील प्रथिनाचा पट्टा गडद झाला, तर ऑटोफॅजी वाढली असे लिहिण्याचा मोह होतो. तसे लिहू नका. ऑटोफॅगोसोम जास्त तयार झाले तरी पट्टा गडद होतो, आणि ते लायसोसोममध्ये (पेशीच्या पचन करणाऱ्या अंगकात) नष्ट होणे थांबले तरीही होतो. म्हणून प्रत्येक नमुना बॅफिलोमायसिनसह (हे रसायन लायसोसोमचे काम थांबवते) आणि त्याविना असा दुहेरी हवा. बॅफिलोमायसिनने लायसोसोममधील विघटन पूर्ण रोखल्यावरही नियंत्रण पेशींपेक्षा (प्रथिन कमी न केलेल्या, तुलनेसाठीच्या पेशींपेक्षा) तुमच्या पेशींत एलसी3-टू अधिक असेल, तर निर्मिती खरोखर वाढली आहे. हा फरक मिटला, तर अडथळा विघटनात असण्याची शक्यता मोठी. केवळ पी62 हे ऑटोफॅजीत नष्ट होणारे प्रथिन मोजून ही पायरी टाळता येते असे सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, कारण पी62 चे उत्पादनही बदलते.

हा निव्वळ तांत्रिक काटेकोरपणा नव्हे. व्हीएपीबीमधील पी56एस हा बदल 2004 मध्ये ब्राझीलमधील कुटुंबांत एएलएस या स्नायूंवर ताबा ठेवणाऱ्या चेतापेशी नष्ट करणाऱ्या आजाराशी जोडला गेला. रुग्णाच्या चेतापेशीत निर्मिती वाढली आहे की विघटन तुंबले आहे, यावर उपचाराची दिशाच उलटते.

दुसरी सूचना थोडक्यात. साध्या प्रकाश सूक्ष्मदर्शकाची विभेदनक्षमता सुमारे 200 नॅनोमीटर असल्याने दोन अंगकांना दिलेला लाल आणि हिरवा रंग एकत्र दिसणे म्हणजे संपर्क नव्हे; त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक किंवा स्प्लिट-जीएफपीसारखे (दोन अर्धे भाग जवळ आले तरच चमकणारे प्रथिन) साधन लागते. गाईड निवडताना, अंतिम आलेखाऐवजी मूळ ब्लॉट मागणारी व्यक्ती निवडावी, असे माझे ठाम मत आहे. सुरुवातीचे ब्लॉट पुसट किंवा विसंगत येणे अगदी स्वाभाविक आहे, त्यावरून स्वतःची पात्रता ठरवू नका; आधी बॅफिलोमायसिनची मात्रा आणि वेळ तुमच्याच पेशींवर निश्चित करा, आणि मगच जोडणाऱ्या प्रथिनाला हात लावा.