पाइप रुंद केल्यावर मॅफचं (इंजिनात जाणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरचं) रीडिंग चुकलं, ते असं सुधारलं

१.६ लिटर पेट्रोल इंजिन, कोन फिल्टर, मॅफ सेन्सरची नळी ६० ऐवजी ७० मिमी. परिणाम: लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोलात कायम करतो ती दुरुस्ती) +२५ टक्क्यांना अडकलेला, पी०१७१ (मिश्रणात पेट्रोल कमी) कोड.

हवेची गळती नव्हती. गळती असती तर ट्रिम आयडलला जास्त आणि आरपीएम वाढल्यावर कमी दिसला असता. इथे सगळीकडे सारखाच. सेन्सरची गरम तार एका जागचाच प्रवाह जोखते, नळीचं क्षेत्रफळ ईसीयू गृहीत धरतो. (७०/६०)² = १.३६, म्हणजे खरी हवा मोजलेल्यापेक्षा ३६ टक्के जास्त.

पडताळा फुल थ्रॉटल, ३००० आरपीएमला: १.६ × १५०० (फोर स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच हवा भरतं, म्हणून निम्मे) = २४०० लिटर मिनिटाला, सेकंदाला ४०. सिलिंडर ८५ टक्के भरतात असं धरलं तर ३४. इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर, त्यामुळे ३० अंशांना घनता लिटरला १.०९ ग्रॅम घ्या, पुस्तकी १.२२५ इथे कामाची नाही. उत्तर सेकंदाला ३७ ग्रॅम. स्कॅनरवर २७. (हे डायनोवरच, म्हणजे गाडी जागेवर पळवायच्या यंत्रावरच करा, बायपासवर नको.)

ईसीयूतला मॅफ टेबल (सेन्सरच्या सिग्नलवरून हवा किती ते सांगणारा तक्ता) १.३६ने गुणला, मग वाइडबँड (हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा सेन्सर) लावून एकेक रकाना जुळवला. सेन्सरआधी सरळ नळी आणि मूळ जाळी ठेवावीच. सेन्सर बेंडला चिकटून बसवला तर रीडिंग नाचतं. फिल्टरला तेल जास्त झालं तर तार माखते. मॅफ क्लीनरच वापरा, कार्ब क्लीनर नाही.