मांडवा ते हरिहरेश्वर सायकलवर: सामान बांधताना आणि आखणी करताना या चुका टाळा

सायकलवर सामान बांधून दोन-तीन दिवस फिरायची पहिलीच वेळ असेल, तर मी हाच रस्ता सुचवतो. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने (गाड्याही नेणाऱ्या मोठ्या बोटीने) मांडव्याला उतरायचं, अलिबाग, रेवदंडा, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन करत हरिहरेश्वर गाठायचं. अंतर दीडशेच्या आतबाहेर, वाटेत गावं आणि राहायची घरगुती सोय मुबलक. तंबू, स्टोव्ह काही लागत नाही. तरीही रविवारी सहज शंभर किलोमीटर मारणारी माणसं या रस्त्यावर दुसऱ्या दिवशी रडकुंडीला आलेली मी पाहिली आहेत. त्यामागे बहुतेक वेळा त्याच त्या चुका असतात.

किनाऱ्याचा रस्ता सपाट असेल असं धरून चालणं

नकाशात रस्ता समुद्राला चिकटून दिसतो. प्रत्यक्षात डोंगराची सोंड थेट पाण्यात उतरलेली असते आणि ती चढून पलीकडच्या गावात उतरायचं असतं. काशीदच्या अलीकडे हे जाणवू लागतं. दिघीच्या पुढे आणि शेखाडी-आरावीच्या बाजूला तर मांड्या बोलायला लागतात. चढ लांब नाहीत, पण उभे आहेत आणि एकामागून एक येतात. म्हणून सामानासह दिवसाला पन्नास किलोमीटरच्या आसपासच धरा. पहिला मुक्काम काशीद, दुसरा दिवेआगर, तिसऱ्या दिवशी हरिहरेश्वर. पुढची सर्वांत लहान चकती आणि मागची सर्वांत मोठी चकती यांचे दात सारखे असतील, म्हणजे 34 ला 34, तर बसून चढता येतं. मागची सर्वांत मोठी चकती 28 चीच असेल, तर निघण्यापूर्वी कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, बदलून घ्या.

खाडीचा वेळ न धरणं

रेवदंड्याला कुंडलिकेवर पूल आहे, पण राजपुरीच्या खाडीत आगरदांडा ते दिघी फेरीबोटच धरावी लागते. फेरी चुकली तर पुढचीची वाट बघायची. दिवसातली शेवटचीच चुकली, तर म्हसळ्याकडून मोठा वळसा पडतो. एकदा मी काशीदला समुद्रावर रेंगाळलो आणि दिघीला उतरेपर्यंत सूर्य बुडाला होता. डिसेंबरात सहाच्या सुमारास अंधारतं, हे ठाऊक असूनही. पुढचे चढ एका दिव्यावर काढले आणि त्या रस्त्याचा सगळ्यात देखणा भाग मला दिसलाच नाही. फेऱ्यांच्या वेळा बदलत असतात. मुक्कामाच्या घरी आदल्या रात्री विचारून घ्या आणि फेरी दुपारच्या आत गाठा. तिकिटाला, शहाळ्याला सुटे पैसे जवळ ठेवा, मोबाइलची रेंज सगळीकडे नसते.

जागा आहे म्हणून भरत जाणं

दोन मुक्कामांना पाण्याशिवाय चार-पाच किलो सामान पुरतं. सायकलवर घालायचे दोन जोड, संध्याकाळचा एक. सुती कपडे नकोतच: कोकणातल्या दमट हवेत रात्री धुतलेला सुती टी-शर्ट सकाळी ओलाच असतो. पॅड असलेल्या चड्डीच्या आत दुसरी चड्डी घालू नका, शिवणीने मांड्या सोलवटतात.

वजनापेक्षाही ते कुठे बांधलं आहे, हे महत्त्वाचं. ट्यूब, हत्यारं, पॉवर बँक, पाणी अशा जड वस्तू फ्रेमच्या त्रिकोणात, जितक्या खाली जातील तितक्या. कपडे हँडलला बांधायच्या गुंडाळीसारख्या पिशवीत. सीटमागच्या लांब पिशवीत हलकं सामान, तेही घट्ट दाबून. उभं राहून पेडल मारताना मागचा भाग शेपटीसारखा हलत असेल, तर पिशवीच्या टोकाला काहीतरी जड गेलं आहे. ते काढून सीटच्या दांड्याजवळ आणा आणि पट्टे पुन्हा आवळा. तुम्ही सीटवर बसल्यावर पिशवी आणि टायर यांत चार बोटं अंतर राहिलं पाहिजे. नाहीतर खड्ड्यात टायर पिशवी घासतं आणि तासाभरात तिला भोक पडतं.

कॅरिअर लावला असेल तर रोज सकाळी त्याचे बोल्ट हाताने चाचपा. खडबडीत रस्त्यावर ते हमखास सैल होतात. पाच मिलिमीटरचे दोन जादा बोल्ट जवळ ठेवा, दुसरा पर्याय नसतो.

हे सगळं निघायच्या आदल्या रात्री बांधू नका. आठवडाभर आधी पूर्ण सामानानिशी तीस-चाळीस किलोमीटर चालवा, त्यात एक तरी चढ हवा. घासणं, खडखडणं, हँडल जड लागणं, सगळं त्या दिवशीच कळतं.

पंक्चरवाला भेटेल या भरवशावर राहणं

पंक्चरवाला भेटतो, पण त्याच्या कॉम्प्रेसरची नळी मोटरसायकलच्या जाड व्हॉल्व्हची असते. तुमच्या ट्यूबला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर ती बसत नाही. पितळेचा छोटा अ‍ॅडॅप्टर व्हॉल्व्हवरच चढवून ठेवा. 700 मापाची ट्यूबही गावात मिळेलच असं नाही. दोन ट्यूब, पॅच, पंप आणि चेन जोडायची कडी स्वतःजवळ हवी. नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधा, नाहीतर ती दुसरी ट्यूबही जाते.

सायकल उजव्या बाजूवर आडवी होऊ देणं

ही चूक फारशी कुणी सांगत नाही, पण सगळ्यात महागात पडणारी हीच. फेरीबोटीत किंवा टेम्पोत सायकल उजव्या अंगावर पडली, की मागच्या डिरेलरचा (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारी पट्टी, वाकतो. सपाटीला कळतही नाही. दिघीहून चढ लागतो, तुम्ही सर्वांत हलका गिअर टाकता आणि डिरेलर थेट चाकाच्या तारांत जातो. बोटीतून उतरलात की मागचं चाक उचलून सगळे गिअर हाताने फिरवून बघा. हलक्या गिअरला तारांजवळ टिकटिक ऐकू आली, तर तो गिअर वापरू नका आणि लो-लिमिटचा स्क्रू (डिरेलरला तारांकडे जास्त सरकू न देणारा) थोडा आत फिरवा. प्रत्येक सायकलीचा हँगर वेगळा असतो, म्हणून आपल्या मॉडेलचा एक घेऊन ठेवा.

परतीचा विचार शेवटी करणं

हरिहरेश्वरपासून कोकण रेल्वेचं माणगाव स्टेशन साठ-पासष्ट किलोमीटर आहे. तिथे सगळ्या गाड्या थांबत नाहीत आणि सायकल सामानाच्या डब्यात घेतील का, याची चौकशी आधीच करावी लागते. टेम्पो किंवा उलट मांडवा, जे काही ठरेल, ते निघण्यापूर्वी पक्कं करा. हरिहरेश्वरजवळच्या बागमांडल्याहून फेरीने वेश्वीला जाऊन पुढे केळशी-हर्णै करायचा मोह होतो. त्यासाठी आणखी दोन दिवस हातात ठेवा.

ओहोटीला दिवेआगरच्या ओल्या वाळूवर सायकल जरूर चालवा. मात्र त्याच संध्याकाळी विहिरीच्या गोड्या पाण्याने ती धुवा: बादलीने ओतून, प्रेशरने नाही. चेन फडक्याने कोरडी करा, तेलाचा एकेक थेंब प्रत्येक कडीवर सोडा आणि वरचं तेल पुसून टाका. खारं पाणी रात्रभर राहिलं, तर सकाळी चेनवर तांबूस गंज दिसतो.