वावरात पाणी तुंबल्यास पऱ्हाटीची मुळे कशी वाचवावीत

काळ्या भारी जमिनीत दोन-तीन दिवस झड लागली की पाण्यात उभी असलेली पऱ्हाटी (कपाशी) माना टाकते, आणि अनेक शेतकरी तो रोग समजून आधी फवारणीचा पंप पाठीवर घेतात. तसे करू नये. मुळांच्या पेशींत काय घडते ते समजले की कामांचा क्रम आपोआप ठरतो.

ऑक्सिजन हवेपेक्षा पाण्यातून सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. त्यामुळे पाण्याने भरलेल्या मातीतला उरलासुरला ऑक्सिजन मुळे आणि जिवाणू लवकरच संपवतात. एरवी ऑक्सिजनमुळे सतत मोडली जाणारी काही नियामक प्रथिने आता पेशीत टिकतात आणि किण्वनाची, म्हणजे ऑक्सिजनशिवाय साखर मोडण्याची, जनुके चालू करतात. पेशी साखरेपासून अल्कोहोल बनवून तग धरते. मात्र साखरेच्या एका रेणूपासून एरवी ३० च्या आसपास एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू) मिळतात, ते आता केवळ २ मिळतात. साठा झपाट्याने संपतो, पेशीद्रव आम्लधर्मी होते आणि पेशीपटलातील पाण्याचे मार्ग बंद होतात. पाण्यात उभे झाड कोमेजते ते यामुळे. भंडारा-गोंदियाच्या बांधीतील धानाच्या मुळांत हवेच्या पोकळ नळ्या असतात. पऱ्हाटीला तो आधार फारसा नाही.

म्हणून उताराच्या दिशेने चर काढून पाणी नाल्याकडे वळवणे हे पहिले काम आहे, आणि ते पाऊस थांबण्याची वाट न पाहता करावे. पाणी शेजाऱ्याच्या वावरात मात्र सोडू नये. त्यानंतर धुऱ्याजवळचे एखादे झाड उपटून बारीक मुळे चिमटीत ओढून पाहावीत. ती पांढरी व टणक असल्यास पेशी जिवंत आहेत. साल सुटून हातात नुसता दोरा राहिला, तर ते मूळ मेले आहे.

डवरणी (ओळींमधली मशागत) वाफसा आल्यावरच, म्हणजे जादा पाणी निथळून माती मशागतीजोगी झाल्यावरच करावी, कारण ओल्या मातीत बैल फिरले तर हवेच्या उरलेल्या वाटाही दबतात. कललेली झाडे सरळ करून बुंध्याजवळची माती पायाने दाबावी. पाने ताठ झाल्यावर, उन्हाची वेळ टाळून, १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरिया मिसळून फवारावा. दुबळी मुळे नत्र पुरेसे उचलू शकत नाहीत, म्हणून ते पानांवाटे द्यायचे असते. आठवड्याने बुंध्याजवळची माती बोटाने सारून नवी पांढरी मुळे फुटली का ते तपासावे, आणि ती दिसेपर्यंत जमिनीतून खत देऊ नये.